मामले दाभोळ

कुंभार्ली घाटाची शेवटची वळणे उतरून वाट जेथे सपाटीला लागते, तेथे पोफळी हे गाव आहे. आणि तेथून वाशिष्ठीचे पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने पश्चिमेस चालत गेले असता चिपळूण लागते, पुढे गोवळकोटाची टेकडी लागते, आणि अखेरीस खाडीचे पात्र रुंदावत रुंदावत उत्तर तीरावर दाभोळ व दक्षिण तीरावर अंजनवेल यांना दोन्ही हातांशी ठेवून समुद्राला मिळते. सह्याद्रीचा कडा आणि सिंधुसागर यांच्यामध्ये आडवा पसरलेला हा जो मुलूख, त्याला शिवकालीन दफ्तरांत ‘मामले दाभोळ’ म्हणत, आणि बोलण्यात तो दाभोळचा सुभा होता. आज या नावाचा जिल्हा नाही आणि तालुकाही नाही. दाभोळ दापोली तालुक्यात आहे, अंजनवेल गुहागर तालुक्यात गेले आहे, आणि चिपळूण स्वतःच एका तालुक्याचे मुख्य ठाणे होऊन बसले आहे.

जपानमध्येही असेच एक स्थित्यंतर घडले. १८७१ साली मेइजी सरकारने सरंजामी संस्थाने खालसा करून नवे जिल्हे पाडले आणि सातव्या-आठव्या शतकापासून चालत आलेल्या साठांहून अधिक जुन्या प्रांतांना राज्यकारभारात स्थान उरले नाही. तरीही सात्सुमा, तोसा, सानुकी ही प्रांतनामे तेथील लोकांनी टाकली नाहीत, आपल्या खाद्यपदार्थांना, कारागिरीला आणि वंशाभिमानाला त्यांनी ती आजही लावून ठेवली आहेत. आपल्याकडे सुभ्याची ओळख अशी जतन झाली नाही. चिपळूणकराला आपण चिपळूणचे आहोत हे पुरते, गुहागरकराला गुहागरचे. परंतु आपण सारे एकाच सुभ्याची रयत होतो आणि एकाच वाटेवर पोसलो होतो, हे भान मात्र दफ्तरांच्या रुमालांत बांधलेले राहिले. तो रुमाल सोडून पाहावा, कारण या सुभ्याचा इतिहास म्हणजे एका वाटेचा इतिहास आहे, आणि त्या वाटेची दोन्ही टोके ज्याच्या हाती, त्याच्याच हाती सुभा, हा नियम येथे पाचशे वर्षे अबाधितपणे चालला.

ही वाट बहमनींनी पाडलेली नव्हे. ती त्यांच्या फार पूर्वीची. सातव्या शतकातील चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या काळचा एक ताम्रपट चिपळुणात मिळाला असून, त्यात सम्राटाचा मामा असलेल्या सेंद्रककुलीन श्रीवल्लभ सेनानंदराजाने एका ब्राह्मणास दिलेल्या ग्रामदानाची नोंद आहे. त्या काळी राज्यविभागास ‘विषय’ अशी संज्ञा होती, आणि या पटात गावासोबत त्याचा विषयही नोंदलेला आहे. म्हणजे सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीही या खोऱ्यातील जमिनीची गणना, तिचे विभाग आणि तिच्या उत्पन्नाचा मालक ठरविणारे कुणी तरी घाटमाथ्यावर बसलेले होते. पुढे शिलाहारांच्या अमलात दाभोळच्या उत्तरेस पन्हाळेकाजी येथे, एकोणतीस लेण्यांच्या त्या निर्जन दरीत, प्रणालक नावाचे सत्तास्थान नांदले. तेथे मिळालेला विक्रमादित्य शिलाहाराचा ताम्रपट ११३९ सालचा आहे. त्या लेण्यांत आधी बौद्ध, मग शैव, मग नाथपंथी अशा पिढ्यांमागून पिढ्यांनी वस्ती केली. एखादे अरण्य इतकी शतके निरनिराळ्या पंथांच्या साधूंना पोसते, तेव्हा जवळून व्यापाऱ्यांचा रस्ता जात असला पाहिजे, असे मला वाटते. कारण भिक्षा घालणारा तांडा नसेल तर लेणे कोरणाऱ्याची छिन्नी फार काळ चालत नाही.

दाभोळचे भाग्य उदयास आले ते बहमनींच्या अमदानीत. दख्खनच्या सुलतानांना घोडा हवा होता, आणि चांगला घोडा दख्खनच्या हवेत निपजत नसे. तो अरबस्तानातून, इराणातून, हुर्मुजच्या बाजारातून गलबतांत चढून यावा लागे. महमूद गावान या बहमनी वजिराने १४६९ ते १४७२ या काळात खेळणा किल्ल्यापासून गोव्यापर्यंतचे कोकण जिंकून घेतले, त्यामागेही बंदरे आणि घाट एकाच मुठीत असावेत हाच हेतू प्रधान होता. त्याच सुमारास त्वेर नगरीतून निघालेला अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी दख्खनेत वावरत होता. त्याने परतीच्या प्रवासासाठी गलबत धरले ते दाभोळातच, आणि मिसर, अरबस्तान, खुरासान इत्यादी देशांतून येथे घोडे येतात हे त्याने लिहून ठेवले. दुआर्त बार्बोसा या पोर्तुगीजाने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केलेल्या वर्णनात मक्का, एडन आणि हुर्मुज येथील घोडेवाहू जहाजांप्रमाणेच खंबायत, दीव आणि मलबार येथून येणाऱ्या नौकांचाही उल्लेख असून, तांबे, पारा व हिंगूळ हा माल येथून देशावर रवाना होई असे त्याने नमूद केले आहे. आता हे तांबे चढून जाणार कोठून? खाडीतून मचवे गोवळकोटापर्यंत, तेथून बैलांच्या पाठीवर चिपळूण, आणि चिपळुणाहून घाटाच्या पायथ्याशी येऊन कुंभार्लीने कराडकडे. बिदर किंवा विजापूरच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर या पायथ्याच्या माणसांच्या खांद्यांचे आणि त्यांच्या बैलांच्या खुरांचे ऋण होते. ते कोणत्याही बखरीत नोंदलेले नाही, म्हणून येथे आवर्जून नोंदवितो.

वैभवाची वार्ता समुद्रमार्गाने सर्वांत आधी शत्रूच्या कानी जाते. १५०८ च्या मार्च महिन्यात चौलच्या बंदरात झालेल्या नाविक युद्धात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द अल्मेदा याचा पुत्र लोरेन्सु मारला गेला. त्याला मारणारे आरमार इजिप्तच्या सुलतानाचे आणि दीवच्या सुभेदाराचे. दाभोळचा त्या रक्ताशी संबंध नव्हता. पण पुत्रशोकाने पेटलेला अल्मेदा दीवकडे जाताना त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर दाभोळच्या खाडीत शिरला, आणि त्याच्या माणसांनी बायकामुले, म्हातारेकोतारे असा भेद न करता गावची कत्तल केली, घरे जाळली, गोदामे भस्मसात केली. दीवचे युद्ध त्यानंतर १५०९ च्या फेब्रुवारीत झाले आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याचेच वर्णन विस्ताराने येते. दाभोळ त्यात एका ओळीत उरकले जाते. मला त्या एका ओळीची फार चीड येते. दुसऱ्याच्या अपराधाचे शासन भोगावे लागलेल्या गावाचे दुःख इतके संक्षिप्त असू नये.

तरी दाभोळ उठले. १५१० साली गोवा आदिलशाहीच्या हातून गेले आणि विजापूरच्या राज्याला समुद्राकडे उघडणारा मुख्य दरवाजा म्हणून दाभोळचे महत्त्व उलट वाढले. पोर्तुगीजांनी पुढेही ते जाळले, लुटले, खंडणीला बांधले. १५७१ साली मात्र त्यांचा हल्ला परतवून लावण्यात दाभोळकरांना यश आले. मक्केच्या यात्रेकरूंची जहाजे येथून सुटत. आजही खाडीकाठी नारळीच्या झाडांत उभी असलेली शाही मशीद, विजापूरच्या धर्तीचा घुमट आणि चार मनोरे असलेली, त्या काळाची एकमेव भव्य साक्ष आहे. विजापूरची आयेशाबीबी नावाची राजकन्या मक्केस जाण्यासाठी मोठ्या लवाजम्यासह येथवर आली, वाटेतील चाच्यांच्या भीतीने पुढे जाता येईना, म्हणून यात्रेचे द्रव्य तिने या मशिदीवर खर्च केले, अशी लोककथा आहे. स्थानिक मंडळी या वास्तूला माँसाहेबांची मशीद म्हणतात. बांधकाम पुरे झाल्याचे वर्ष १६५९ च्या सुमारास धरले जाते. म्हणजे आदिलशाहीने दाभोळात आपली सर्वांत सुंदर इमारत पुरी केली, आणि त्याच सुमारास दाभोळ तिच्या हातून निघून गेले.

या आदिलशाही काळातच सुभ्याच्या अंतर्भागात एक व्यवस्था मूळ धरून बसली, तिचे परिणाम बंदराच्या वैभवापेक्षा दीर्घजीवी ठरले. ती म्हणजे खोती. दुर्गादेवीच्या दुष्काळाने आणि वारंवारच्या लढायांनी ओस पडलेली गावे पुन्हा वसवावी, रान तोडून लागवड वाढवावी आणि सरकारचा वसूल भरावा, या कराराने खोतांना गावे मिळू लागली. आरंभी जो केवळ वसुलीचा मक्तेदार होता, तो सनदांच्या आणि पिढ्यांच्या बळावर गावाचा जवळजवळ धनी झाला. ज्यांची जमीन थेट सरकारात रुजू होती ते धारेकरी थोडे, आणि खोताच्या जमिनीत राबून पिकाचा मोठा वाटा त्याच्या घरी पोचविणारी कुळे पुष्कळ, असे या डोंगराळ मुलुखाचे चित्र झाले. देशमुख, देशपांडे, महाजन यांचे हक्क वेगळे. वेठही होती.

१६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडला आणि अवघ्या काही दिवसांत मराठी फौजा कोकणात उतरल्या. दाभोळच्या सुभेदाराने खानाची तीन गलबते घेऊन राजापुराचा आश्रय केला, हे तेथील इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारावरून कळते. पुढे १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत कारतलबखानाची कोंडी केल्यावर शिवाजीमहाराज स्वतः या स्वारीवर निघाले. दाभोळ घेतले, चिपळुणाजवळ परशुरामक्षेत्री दर्शन घेतले, आणि संगमेश्वर, राजापूर, शृंगारपूर असा प्रदेश ताब्यात आणीत दक्षिणेकडे सरकले. बंदर हाती आले आणि घाटही हाती होते. त्यानंतर आबाजी सोनदेव, अण्णाजी दत्तो इत्यादी मुत्सद्द्यांनी जी मोजणीची व वसुलीची घडी बसविली, तिच्यात कोकणपट्टीचा भार अण्णाजी दत्तोंकडे होता, आणि जमिनीची पाहणी करून पीक पाहून धारा ठरवावा हे धोरण खोताच्या मनमानीला लगाम घालणारे होते.

याच चिपळुणात १६७४ च्या एप्रिलमध्ये, नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर पडल्यानंतर, महाराजांनी फौजेची पाहणी केली आणि हंसाजी मोहित्यांना हंबीरराव हा किताब देऊन सरनौबती दिली. राज्याभिषेकाला दोन महिने उरले होते. परंतु या सुभ्याच्या भूमीने मराठी राज्यनीतीला दिलेला सर्वांत मोलाचा ठेवा समारंभाचा नव्हे, तो एका कागदाचा आहे. चिपळुणाजवळच्या दळवटणे गावी पागेची छावणी पडली असता, तेथील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना उद्देशून महाराजांनी धाडलेले ते पत्र काही संशोधक १६७३ च्या मे महिन्यातले मानतात, काही १६७४ च्या. मायन्यात तर्फ चिपळूण आणि मामले दाभोळ असा पत्ता आहे, आणि मला तर या सुभ्याचा इतका सन्मान दुसऱ्या कोणत्याही दफ्तरात झालेला दिसत नाही.

पत्राचा आशय थोडक्यात असा. पावसाळा तोंडावर आहे; गवत आणि दाणा मोठ्या कष्टाने जमविलेला आहे; तो आताच हवा तसा उधळून टाकाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील आणि त्या घोड्यांचे पाप तुमच्या माथी येईल. मग तुम्ही गावोगाव पसराल, कुणी कुणब्याचे धान्य आणील, कुणी भाकरी, कुणी गवत, कुणी लाकूडफाटा, कुणी भाजीपाला. आणि जे कुणबी कसेबसे घर धरून राहिले आहेत तेही जाऊ लागतील, कित्येक उपाशी मरतील, आणि मोगल मुलुखात आले त्यापेक्षाही तुम्ही अधिक, असे त्यांना वाटेल. म्हणून जे लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, रयतेस काडीचाही उपद्रव देऊ नये. इतके सांगून लेखणी थांबत नाही. ती गवताच्या गंजीजवळ पेटणाऱ्या चुलीकडे वळते, वारा वाहत असताना ओढल्या जाणाऱ्या चिलमीकडे वळते, आणि रात्री जळत राहिलेला दिवा उंदराने वात पळविल्यामुळे गवताला आग लावू शकेल, येथपर्यंत येऊन पोचते. एवढ्या मोठ्या राज्याच्या धन्याला, सिंहासनाधिष्ठित होण्याच्या सुमारास, वाशिष्ठीच्या काठावरील एका खेड्यातल्या उंदराची आणि वातीची चिंता होती, याइतकी हृदय भरून आणणारी गोष्ट मला आपल्या इतिहासात विरळाच आढळली. दुसऱ्याच्या गोदामाला आग लावून अल्मेदा गेला होता. त्याच खाडीच्या वरच्या अंगास दीडशे वर्षांनंतर आग लागू नये म्हणून एक राजा आपल्याच लष्कराला दटावीत होता.

शिवकालानंतर सुभ्याचे दिवस फिरले. १६८९ साली संगमेश्वरी संभाजीमहाराज पकडले गेल्यावर कोकणातील ठाणी एकामागून एक डळमळली, आणि १६९९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने अंजनवेल घेतली. गोवळकोटही त्याच्याकडे गेला. दाभोळचे बंदर तोवर गाळाने, लुटींनी आणि सुरतेच्या स्पर्धेने मंदावले होते. सत्तेचे ठाणे खाडी ओलांडून दक्षिण तीरावर आले. तेथील सिद्दी सात या सुभेदाराने १७२७ च्या महाशिवरात्रीस परशुरामाचे देवस्थान लुटून उद्ध्वस्त केले. कारण एका हत्तीचे झाले: सावनूरच्या नवाबाकडून सिद्दी सातासाठी येत असलेला हत्ती आंग्र्यांच्या माणसांनी वाटेत अडविला, आणि हे परशुरामक्षेत्रीच्या ब्रह्मेंद्रस्वामींच्याच संमतीने झाले असा सिद्दीचा समज झाला. स्वामी कोकण सोडून घाटावर साताऱ्याजवळ धावडशीस राहिले. शाहूमहाराज, बाजीराव, आंग्रे या सर्वांना त्यांनी सिद्दीविरुद्ध उभे करण्याचा अखंड प्रयत्न केला, आणि १७३३ पासून जंजिऱ्याची मोहीम सुरू झाली. १९ एप्रिल १७३६ रोजी रेवसजवळ चिमाजीअप्पांनी सिद्दी साताचा पराभव करून त्याला ठार केले. गोवळकोट व अंजनवेल मात्र त्यानंतरही नऊ वर्षे सिद्दीकडेच टिकून राहिले. १७४५ च्या जानेवारीत तुळाजी आंग्र्याने ते दोन्ही जिंकले आणि अंजनवेलीस गोपाळगड, गोवळकोटास गोविंदगड अशी नावे दिली. दहा वर्षांनी पेशव्यांनी इंग्रजांच्या साहाय्याने तुळाजीवरच चाल केली तेव्हा ही ठाणी पेशवाईत आली. त्या युद्धात १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गात मराठ्यांचे आरमार जळाले, आणि त्यानंतर या किनाऱ्याचे रक्षण करण्याचे सामर्थ्य कोणत्याही मराठी सत्तेत पूर्ववत आले नाही. पेशव्यांचा तो निर्णय मला अक्षम्य वाटतो. एक घरभेदी सरदार नमविण्यासाठी त्यांनी समुद्राची किल्ली परक्याच्या हाती दिली.

पेशवाईत कारभार अंजनवेलीच्या नावाने चाले, आणि १८१८ च्या मे महिन्यात अंजनवेल इंग्रजांच्या स्वाधीन झाली. नव्या दक्षिण कोकण जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आधी बाणकोटास होते, १८२२ साली ते रत्नागिरीस हलले. बंदर आणि घाट या दोहोंना एकत्र बांधणारी जुनी सुभेदारी त्यामुळे अर्थहीन झाली, कारण आता वसूल रत्नागिरीस आणि हुकूम मुंबईहून असा क्रम पडला.

वाट मात्र चालू होती. लमाणांचे तांडे घाटावरून गूळ, धान्य, कापूस घेऊन चिपळुणास उतरत आणि मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन चढत. गोवळकोटाच्या धक्क्याला मचवे लागत. एकोणिसाव्या शतकात घाटातून गाडीरस्ता झाल्यावर काही काळ चिपळुणाची बाजारपेठ पुष्कळ भरभराटली. पण १८८० नंतरच्या दशकात पुण्याहून कराडमार्गे मिरजेकडे लोहमार्ग झाला, आणि देशावरील मालाला कोकणात उतरण्याचे कारण उरले नाही. बंदरांतून माल जाईना. माणसे जाऊ लागली, मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि पलटणीत.

घरी उरलेल्यांच्या मानेवर खोती होतीच. १८८० च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने खोतांचे हक्क अधिक पक्के केले. त्या व्यवस्थेला पहिला मोठा हादरा दिला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूण येथे भरलेल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेत त्यांनी कुळांची बाजू मांडली. १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. विधेयक त्या वेळी संमत झाले नाही. कायदा झाला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, आणि आदिलशाहीत रुजलेल्या त्या व्यवस्थेची मुळे तेव्हा उपटली गेली. दळवटण्याच्या पत्रात ज्या कुणब्याची भाकरी वाचविण्याची आज्ञा आहे, त्याला स्वतःची जमीन मिळण्यास त्यानंतर पावणेतीनशे वर्षे लागली.

तेवढ्यात पोफळीचे दिवस आले. कोयना ही पूर्ववाहिनी नदी. तिचे पाणी बोगद्यातून सह्याद्री भेदून पश्चिमेस उतरविले तर सुमारे पावणेपाचशे मीटरच्या पाण्याच्या पातामुळे वीज निर्माण होईल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभापासून अभियंत्यांच्या मनात होती. ती प्रत्यक्षात आली १९५४ नंतरच्या दशकात. पोफळीच्या डोंगराच्या पोटात भूमिगत वीजगृह कोरले गेले, १९६२ पासून पहिली यंत्रे फिरू लागली, आणि पुढे पहिल्या-दुसऱ्या टप्प्यांची मिळून आठ यंत्रे तेथे बसली. वीज निर्माण करून झालेले पाणी कोळकेवाडीच्या धरणातून, अलोऱ्याच्या वीजगृहातून वाशिष्ठीत येते; म्हणजे जी नदी उन्हाळ्यात आटावी, तिला कृष्णेच्या खोऱ्याचे पाणी बाराही महिने वाहते ठेवते. शेकडो वर्षे ज्या घाटातून कोकणची संपत्ती चढून देशावर जात होती, त्याच घाटाखालून देशाचे पाणी कोकणात उतरू लागले. या धरणापायी कोयनेकाठची गावे बुडाली आणि तेथील माणसे दूरदूर पांगली, हा हिशेबही त्याच वहीत लिहिला पाहिजे.

आणि सुभ्याच्या दुसऱ्या टोकास, गोपाळगडाच्या सान्निध्यात, अंजनवेल आणि वेलदूर यांच्या परिसरात, विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात वायूवर चालणारा मोठा वीजप्रकल्प आला. त्यावरून महाराष्ट्राचे राजकारण अनेक वर्षे तापले, २००१ मध्ये तो बंद पडला, आणि २००५ नंतर रत्नागिरी गॅस या नव्या कंपनीकडे गेला. त्याच्या मूळ कंपनीने नाव घेतले होते ते खाडीपलीकडच्या गावाचे. त्यामुळे सुभा दफ्तरातून गेल्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी दक्षिण तीरावरचा कारभार पुन्हा एकदा दाभोळच्या नावाने होऊ लागला होता, आणि वृत्तपत्रांतून तो शब्द रोज छापला जात असताना मामले दाभोळचा उल्लेख मात्र कुणाच्याही लेखणीतून उतरला नाही.